फाटक्याचा वार आणि रिकामा पेटारा

फार पूर्वी, म्हणजे माणसाकडे दोनच कपडे असत, एक अंगावर आणि एक दोरीवर, त्या काळातली ही गोष्ट. एका बाजारगावात एक शिंपी राहत होता.

शिंपी तसा गावोगाव असतो. पण ह्याच्या हातची बंडी एकदा घेतली की माणूस कित्येक वर्षं बंडीचं नाव काढत नसे. पंचक्रोशीत म्हणायचे, "माणूस म्हातारा होईल, शिंपीदादाची बंडी व्हायची नाही." आधी एक सुई, एक कात्री आणि घरापुढचा ओटा एवढाच पसारा. मग धंदा वाढला. परसात लांबलचक पडवी उठली, पडवीत गावातल्या बाया शिवायला बसू लागल्या. बंड्या, कोपऱ्या, चोळ्या, लेकरांच्या कुंच्या गाड्या भरभरून दूरच्या बाजारांना जाऊ लागल्या. कितीतरी घरांच्या चुली त्या पडवीवर पेटत होत्या.

तरी शिंपीदादा बसायचा तो ओट्यावरच. शेजारी कासारणीचा ओटा. दोन्हींच्या मध्ये कमरेएवढ्या उंचीची भिंत. त्या भिंतीवरून मीठ जायचं, विस्तव जायचा, आणि सगळ्यात जास्त जायच्या त्या बातम्या. कासारीण बांगड्या भरायला घरोघर हिंडे. कुणाकडे काय शिजतंय ते तिला शिजायच्या आधी ठाऊक असे. लोक तिला भोचक म्हणत, आणि अडलंनडलं की तिच्याकडेच येत.

ह्या शिंप्याच्या घराण्याची एक रीत होती. बाजाराचा आदला दिवस म्हणजे फाटक्याचा वार. ह्या घरचा कपडा ज्याचा फाटला असेल त्याने त्या दिवशी ओट्यावर यावं आणि फुकट सांधून न्यावा. अट एकच होती आणि ती घरधन्यासाठी होती. सांधायला कारागीर बसवायचा नाही. धन्याने स्वतः बसायचं, फाटलेल्या जागेतून दोन बोटं घालायची आणि विचारायचं, "हे कसं फाटलं?"

मग काय, ओट्यावर जत्राच भरायची.

"बैलानं शिंग घातलं, दादा."

"गळ्यापाशी? बैल काय गळ्यात पडला होता तुझ्या?"

"बरं, बायकोनं ओढलं."

"मग बंडीचा दोष नाही. पण गळ्याला एक टीप जास्त घालतो. बंडीबरोबर संसारही टिकला पाहिजे."

लोक हसायचे, शिंपी सांधत राहायचा. कावड वाहणाऱ्याची बंडी खांद्यावर जायची, कुंभाराचा चोळणा गुडघ्यावर, निंदणीच्या बायांची चोळी काखेत. हे बघून बघून त्याच्या हाताला आपोआप सवय लागली होती. नवीन बंडी बेतताना खांद्याला दुपदरी कापड जायचं, काखेत जास्तीच्या कापडाची कळी जायची, दोरा चांगला पिळाचा निघायचा. ह्याला तो काही शिकणं म्हणत नसे. वडिलांनी सांगितलंय म्हणून बसायचं, गरिबाचं काम होतं, आपल्या पदरी पुण्य पडतं, एवढाच त्याचा हिशेब. चूक झाली ती इथेच. रीत पाळत होता, पण रीत कशासाठी आहे ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

एकदा राजधानीतल्या एका बड्या कापडवाल्याकडून लग्नाचं बोलावणं आलं. शिंपी नवंकोरं धोतर नेसून, बायकोला घेऊन गेला. जेवणाची वेळ झाली. पाटापाशी यजमानाचा माणूस उभा होता. त्याने विचारलं, "पेढी कुठं आपली?"

शिंप्याने गावाचं नाव सांगितलं.

"हे कुठं आलं?"

शिंप्याने नदी सांगितली, घाट सांगितला, बाजाराचा वार सांगितला. तो माणूस मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पहिली पंगत राजवाड्यासमोरच्या रस्त्यावरच्या मंडळींची. आपण दुसऱ्या पंगतीला बसा हं."

दुसऱ्या पंगतीला वाजंत्री होते, गाडीवान होते. वाढलं पोटभर, त्यात उणं नव्हतं. पण पानात जिलब्या आल्या त्या मोडक्या. शिंपी त्या तुकड्यांकडे बघतच राहिला. बायकोने बायकांच्या पंगतीत तशाच मोडक्या जिलब्या मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "पाक छान मुरला होता."

 घाट उतरल्यावर शिंपी म्हणाला, "आपली पेढी राजधानीत न्यायची. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर."

"अगंबाई. तिथल्या एका खांबाच्या भाड्यात आपल्याकडे अख्खं घर मिळतं."

"मिळू दे."

"आणि आपली गिऱ्हाइकं राहतात का त्या रस्त्यावर?"

"गिऱ्हाइकं राहत नाहीत. नाव राहतं."

बायकोने पदर डोक्यावरून पुढे ओढला. नवरा असं वाक्य बोलला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

शिवण्याची पडवी गावातच राहायची, गादी तेवढी राजधानीत जायची असं ठरलं. पडवीतल्या थोरल्या बाईकडे कामाची देखरेख सोपवली. निघायच्या दिवशी कासारीण भिंतीवर कोपर टेकून उभी होती.

"दादा, मग फाटक्याचा वार कोण करणार?"

"मीच. रीत मोडणार नाही. तिकडे पेटारा करून ठेवतो. ज्याचं फाटेल त्याने त्यात आणून टाकावं, मी सांधून ठेवीन."

"म्हणजे इथून दोन मुक्काम चालत जायचं, बंडीला ठिगळ लावायला?"

"कासारणीबाई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

"ती आहेच," ती म्हणाली आणि शिंप्याच्या बायकोच्या, म्हणजे तिच्या वहिनीच्या, हातात प्रवासासाठी दशम्यांचं गाठोडं दिलं. भिंतीपलीकडे गाडी निघाली तशी मात्र तिने डोळ्याला पदर लावला.

राजधानीतली पेढी बघण्यासारखी झाली. दगडी पायऱ्या, कोरीव खांब, रेशमी खोळीची गादी. शिंपीदादाचे आता शेठजी झाले. दारात झुपकेदार मिशांचा एक दरवान ठेवला. शेठजींनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "हा रस्ता मोठ्या लोकांचा आहे. दारात सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे. कुणीही ऐरागैरा आत येता कामा नये."

आणि गादीच्या उजव्या हाताला ठेवला एक पितळी पेटारा. फाटक्यांसाठी.

फाटक्याचा वार आला. शेठ सकाळी अंघोळ करून, सुईत दोरा ओवून बसले. कुणी आलं नाही. पुढच्या वारीही आलं नाही. समोरून रेशीम नेसलेले लोक जात, येत. त्यांच्या घरी कपडा फाटेपर्यंत राहतच नसे, जरा विटला की नोकराला जाई. तिसऱ्या वेळी शेठ जरा चुळबुळले. पेटाऱ्याचं झाकण उघडून आत हात फिरवून बघितला. पितळेचा थंडगार तळ हाताला लागला.

एखाद्याला वाटलं असतं, काहीतरी बिनसलंय. पण माणसाला जे हवं असतं तेच तो बरोबर शोधून काढतो. शेठ बायकोला म्हणाले, "अगं, आपले कपडे आता फाटेनासे झालेत."

"असं कसं होईल? कपडा म्हटला की फाटणारच."

"मग पेटारा रिकामा कसा?"

ती पेटाऱ्यात डोकावून बघायला लागली. शेठना तेच पुरलं. हळूहळू पेटारा पेढीचं भूषण झाला. रोज चिंचेने घासला जाऊ लागला. कुणी पाहुणा आला की शेठ झाकण उघडून दाखवत. "आमच्या घरची रीत आहे. फाटलं तर फुकट सांधून देतो. पण बघा, आहे का काही आत?" पाहुणे वाकून बघत, वाहवा करत. रस्त्यावरच्या मंडळींत शेठजींच्या रिकाम्या पेटाऱ्याचं नाव झालं.

इकडे त्या रस्त्याचा खर्च मात्र पेटाऱ्यासारखा रिकामा राहत नव्हता. खांबांचं भाडं, दरवानाचा पगार, येणाऱ्याजाणाऱ्याला केशरी दूध. शेठनी विचार केला, कपडे फाटतच नाहीत, तर खांद्याला दुपदरी कापड कशाला? पिळाचा महागडा दोरा कशाला? त्यांनी गाडीवानाबरोबर गावी निरोप धाडला, खांदा एकपदरी करा, काखेतली कळी काढा, टाका लांब घाला.

थोरल्या बाईने उलट निरोप पाठवला, "शेठ, कावडीवाल्यांचे खांदे आधीच जातायत."

शेठनी उत्तर दिलं, "पेटारा रिकामा आहे."

थोरली बाई पडवीतल्या बायांना म्हणाली, "शिवा बायांनो एकपदरी. मालक म्हणेल ते धोरण." पण रात्रंदिवस तिच्या जिवाला घोर लागून राहिला. गावातले लोक फाटक्याच्या वारी सवयीने ओट्यावर येत, रिकाम्या जागेकडे बघत आणि जात. थोरल्या बाईने एकदोनदा सांधून द्यायला हात पुढे केला, तर म्हातारी माणसंच म्हणत, "नको बाई, धन्यानं बसायची रीत आहे." हळूहळू बाजारात बंड्या पडून राहायला लागल्या. गाडी भरून गेलेला माल अर्धा परत येऊ लागला. पडवीतल्या काही बायांना काम पुरेना, त्या घरी बसल्या.

अशात राजकन्येचं लग्न निघालं. लग्नाच्या सकाळी नवरीने मेण्यात बसून टेकडीवरच्या देवीची ओटी भरायला जायचं, खाली येऊन मग बोहल्यावर उभं राहायचं, असा तिथला रिवाज. मेणा वाहणाऱ्या सगळ्या भोयांना नव्या बंड्या शिवायच्या होत्या. राजाच्या कारभाऱ्याने रिकाम्या पेटाऱ्याची कीर्ती ऐकली होती. काम शेठजींच्या पेढीला आलं. कारभारी म्हणाला, "मिरवणुकीत आपण मेण्याच्या मागोमाग चाला. आणि जेवायला पहिल्या पंगतीला."

शेठनी त्याच दिवशी जाडजूड जरीकाठी शेला विकत घेतला. तो खांद्यावर टाकून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता वाढा म्हणावं मोडक्या जिलब्या."

गावाहून बंड्या शिवून आल्या. पांढऱ्याशुभ्र, लाल काठाच्या, दिसायला देखण्या. पेढीत त्यांच्या चळती लागल्या. लग्नाला थोडा अवधी होता.

तेवढ्यात कासारीण आली. राजधानीतल्या लग्नघरांत बांगड्या भरायच्या म्हणून आली होती. आत आल्यावर आधी तिने खांब बघितले, मग गादी बघितली, मग वहिनीच्या हाताला धरून तिला न्याहाळलं.

"वाळलीस गं."

"इथलं पाणी मानवत नाही," वहिनी म्हणाली.

"पाणी कुठलं. बोलायला भिंत नाही म्हणून." मग शेठकडे वळून म्हणाली, "दादा, तुमच्या मिशाळ माणसाने मला मागच्या दाराने जायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, मालकिणीला बांगड्या मागच्या दाराने भरल्या तर अपशकुन होतो. तेव्हा कुठं सोडलं."

"असं असतं होय?" वहिनी हसली.

"छे. पण त्याला काय माहीत."

शेठही हसले. मग कासारीण नीट बसली आणि म्हणाली, "दादा, मी एक गाठोडं आणलंय. गावातल्यांनी दिलंय. सगळ्या तुमच्या घरच्या बंड्या, फाटलेल्या. मिशाळानं दारातच ठेवून घेतलंय. तेवढं आत मागवा आणि बघा."

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "फाटलेल्या? मग पेटाऱ्यात का आल्या नाहीत?"

"आणल्या की मी."

"इतके दिवस कुणी आणल्या नाहीत. शहरात कुणाची फाटत नाही, आणि गावच्यांचीच बरी फाटते. लोकांना फुकटचं हवं असतं, कासारणीबाई. जुनंपानं दिलं असेल गोळा करून."

"असेल. बघितल्यावर कळेल."

वहिनी हळूच म्हणाली, "अहो, बघा ना. दोन बोटं घालून बघायला किती वेळ लागतो? भोयांच्या बंड्या अजून घरातच आहेत. काही कमीजास्त असेल तर खांद्याला पट्टी लावता येईल. मी बसते, आणखी चार बाया बोलवू."

शेठनी दाराकडे बघितलं. पायऱ्यांपाशी कळकट गाठोडं पडलेलं दिसत होतं. त्याच वेळी रस्त्याने दोन सराफ पेढीकडेच येताना दिसले, पेटारा बघायला. आता हे गाठोडं त्यांच्यासमोर सोडायचं? रेशमी गादीवर फाटक्या, घामट बंड्या पसरायच्या?

शेठनी दरवानाला हाक मारली. "ते गाठोडं मागच्या खोलीत टाक." मग कासारणीला म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे. मग निवांत बघतो."

कासारीण उठली. वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या भरता भरता एवढंच म्हणाली, "दादा, लग्न झाल्यावर वरमाला घालत नाहीत."

सराफ आत आले. शेठनी पेटाऱ्याचं झाकण उघडून दाखवलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मेणा राजवाड्यातून निघाला. पुढे चौघडा, मग भोई, आणि त्यांच्या मागे नवा शेला सावरत शेठजी. सपाटीवर सगळं छान चाललं. शुभ्र बंड्या उन्हात चमकत होत्या. लोक बोट दाखवून म्हणत होते, "त्या शेठजींच्या आहेत."

मग टेकडीची चढण लागली. मेण्याचं ओझं मागच्या भोयांवर आलं. शेठ अगदी त्यांच्या पाठीशी होते, म्हणून आवाज पहिल्यांदा त्यांनाच आला.

टर्रर्र.

एका भोयाच्या खांद्यावरची शिवण उसवली. शेठना वाटलं, एखादी असते तशी. मग दुसरी गेली. मग पलीकडच्याची काखेपासून पाठीपर्यंत फाटत गेली. भोयांनी खांदा बदलला, तर तो खांदा गेला. दांडीखाली कापड उरलं नाही. उघड्या, घामेजलेल्या खांद्यावरून दांडी सरकू लागली. मेणा कलला. आतून राजकन्येच्या बांगड्यांचा आवाज आला. बाजूला खोल उतार होता.

"थांबू नका," भोयांचा म्होरक्या ओरडला. "दांडी हातानं धरा. पाय रोवा."

भोयांनी दात आवळून, हाताने दांडी धरून मेणा वर नेला. देवीच्या दारात ठेवला तेव्हा त्यांच्या खांद्यांची सालटी निघाली होती आणि बंड्यांच्या चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. राजकन्या सुखरूप उतरली, ओटी भरायला आत गेली. शेठ मात्र जिथे होते तिथेच उभे राहिले. 

कारभारी आला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं. "शेठजी, तुमचा पेटारा तर रिकामा असतो म्हणे."

"असतो," शेठ कसेबसे म्हणाले. "माझ्याकडे कधी कुणी फाटकं घेऊन आलंच नाही."

म्होरक्या खांद्याला ओला फडका लावत बसला होता. त्याने मान वर केली. "आलो होतो की, शेठ. तुमच्याच घरची बंडी वापरतो आम्ही पहिल्यापासून. मी आलो, नंतर माझा भाऊ आला. दरवान म्हणाला, फाटक्या कपड्यानं आत जायचं नाही. मी म्हटलं, अरे, फाटक्यांचा पेटारा आतच आहे ना. तर म्हणाला, मला सांगितलंय ते मी करतो."

शेठना स्वतःचेच शब्द आठवले. दारात सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे. त्यांना दरवानावर रागावता येईना. राग यायला जागाच नव्हती.

मिरवणुकीतल्या बायकांतून त्यांची बायको पुढे आली.  शिंप्याच्या घरातली बाई कुठंही जाऊ दे, चोळीच्या काठाला सुई खोचलेली असतेच. तिने सुई काढून त्यांच्यापुढे धरली.

"मेणा खाली उतरवायचाय अजून," ती म्हणाली.

शेठनी सुईकडे बघितलं. मग अंगावरचा जरीकाठी शेला काढला, दाताने काठ तोडला आणि सगळ्या दरबारासमोर टर्रकन फाडला. ते देवळाच्या पायरीवर मांडी घालून बसले. म्होरक्याला जवळ बोलावलं, त्याच्या खांद्यावरच्या भोकातून दोन बोटं घातली.

"हे कसं फाटलं?"

म्होरक्याला हसू आलं. "तुमच्यासमोरच तर फाटलं."

"तरी सांग. दांडी कुठल्या अंगाने घासते?"

"चढताना मागच्या. उतरताना पुढच्या."

"मग पट्टी दोन्हीकडे उतरली पाहिजे." शेठनी शेल्याच्या चार घड्या केल्या आणि बारीक, जवळजवळ टाके घालायला सुरुवात केली. बायकोने दुसरी सुई कुणाकडून तरी मागून आणली. राजकन्येची ओटी भरून होईतो सगळ्या खांद्यांवर जरीची ठिगळं बसली होती. उतरताना मेणा जराही हलला नाही.

मुहूर्त साधला, लग्न लागलं. शेठ भोयांबरोबर शेवटी खाली पोचले, तोवर पहिली पंगत उठली होती, दुसरीही उठली होती. ते भोयांच्या पंगतीत बसले. पानात मोडक्या जिलब्या आल्या. म्होरक्याच्या पानात चुकून एक अख्खी आली होती. त्याने ती उचलून शेठच्या पानात ठेवली.

"घ्या शेठ. खांद्याला बरं वाटतंय."

शेठनी ती खाल्ली. खाताना मान वर केली नाही.

राजवाड्याचं काम त्या दिवसापासून दुसऱ्या पेढीला गेलं. शेठनी तक्रार केली नाही. राजधानीत विकायला एक छोटं दुकान भाजी बाजाराच्या अंगाला ठेवलं, रुंद दाराचं, बिनदरवानाचं. खांबांची पेढी सोडली आणि गादी उचलून गावच्या ओट्यावर आणली. बरोबर पेटारा होता, आणि मागच्या खोलीत पडलेलं ते गाठोडं.

फाटक्याचा वार आला. शिंपीदादा सुई ओवून बसले. ऊन ओट्यावर आलं, पायऱ्यांवरून खाली उतरलं, कुणी फिरकलं नाही. मागे पेटारा रिकामा राहिला तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता. आज त्यांनी त्याच पेटाऱ्याचं झाकण उघडून ठेवलं आणि ते रस्त्याकडे बघत बसले. पडवीतही निम्म्या जागा ओस होत्या. थोरली बाई दाराआडून बघून गेली.

त्यांनी गाठोडं सोडलं. एकूण एक बंडी खांद्यावर फाटलेली. ते एकेक सांधत बसले. दुपदरी कापड, पिळाचा दोरा.

भिंतीवरून कासारीण डोकावली. "आलात का? मला वाटलं पाहुणे आलेत."

"कासारणीबाई, तूच ना हे गाठोडं आणलं होतंस. आता एवढं ज्याचं त्याला पोचवशील का?"

"पोचवीन. पण एक आधी घ्या." तिने भिंतीवरून आपली चोळी पुढे केली. काखेत चांगली वीतभर उसवली होती. "आणि विचारा."

शिंपीदादांनी फाटलेल्या जागेतून दोन बोटं घातली. "हे कसं फाटलं?"

"तुमची वाट बघताना भिंतीवर टेकून टेकून."

आतून वहिनीचं हसणं ऐकू आलं. पडवीतही कुणीतरी खुसखुसलं. कासारणीने सांधलेल्या बंड्या घरोघर पोचवल्या, आणि तिच्या हातात बंडी गेली म्हणजे बातमीही गेलीच. पुढच्या वारी दोघं आले, नंतर पाच-सहा. लोक लगेच विश्वास टाकत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. पण संक्रांतीच्या सुमारास ओट्यावर पुन्हा बैलाची शिंगं आणि बायकांची भांडणं ऐकू येऊ लागली, आणि पडवीतल्या रिकाम्या जागा भरल्या.

पितळी पेटारा अजून त्या ओट्यावर आहे म्हणतात. त्याला घासायला कुणाला वेळ नाही, हिरवा पडलाय पार. झाकणही कधीचं निघून गेलं. तसंही फाटक्या कपड्यांनी पेटारा इतका भरलेला असतो, की ते आता लागलं नसतं.

तात्पर्य: आपल्या कानावर तक्रार येत नाही म्हणून खूश होण्याआधी, आपण दार कुठं नेऊन ठेवलंय आणि दारात कुणाला उभं केलंय, ते बघून यावं.